सुतकातला टीव्ही

त्या काकूचं नाव काढू नका, अजून डोकं तापते माझं. तेव्हा आमच्या घरी सुतक होतं. नागपूरचे एक चुलत आजोबा वारले होते, त्यांले मी जन्मात पाहिलं नव्हतं. लॅपटॉपचा स्क्रीन फुटला होता, म्हणून मी तो हॉलमधल्या मोठ्या टीव्हीले जोडून ऑफिसचा नकाशा बनवून राहिलो होतो. तेवढ्यात तेलीबांधा मोहल्ल्यात राहणारी काकू आली.

“सुतकात टीव्ही लावून बसला? लाज नाही वाटत तुले?”

“काकू, हे कॉम्प्युटरचं काम आहे.”

“मले शिकवू नको. भिंतीवर टांगला आहे म्हणजे टीव्हीच.”

आणि तिनं सरळ बोर्डाचं बटण बंद केलं. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. सकाळपासूनचा नकाशा सेव्ह न होताच गेला, अन् तिकडून साहेबाचा फोन वाजून राहिला. मी दातओठ खात बसलो. आई म्हणे, “मोठी आहे, जाऊ दे.”

काकूनं चहा घेतला, सोफ्यावर मांडी घातली अन् फुल आवाजात मोबाइलवर सिरियल लावली.

मी म्हटलं, “काकू, अन् सुतक?”

“हव, म्हणून तर मोबाइलवर पाहून राहिली.”