सोडलेल्या माशाचं पुढं काय?

“काका, सोडूनच द्यायचा तर मासा पकडता कशाला?”

स्टँडवर भेटलेल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून भक्तीने गंगाखेडच्या बसस्टँडवर अनोळखी माणसाला विचारलंच. आईबाबा मागच्या बाकड्यावर होते. ती तिघं परभणीचं नर्सिंग कॉलेज बघायला निघाले होते. हा माणूस, महारुद्र, अंदमानला, हौशी पाहुण्यांना समुद्रात गळ टाकायला नेणाऱ्या बोटीवर कामाला होता. दोस्ताला तो मोबाइलमधली, पकडून सोडून दिलेली माणसाएवढी मासळी दाखवत होता.

“बघ महारुद्रा, लेकरू बी तेच म्हणायलंय! अख्खं गाव जेवलं असतं की!”

“तुला जेवायचीच फिकीर! पाहुण्याला झुंज पाहिजे, कालवण न्हाई. अन् एवढी मादी मारली तर पिल्लं कुठून येतील?”

“पण सोडल्यावर ती जगते का, काका?”

“पाण्यातच ठेवून गळ काढला तर जगते म्हणतात.”

“हिला तर फोटोसाठी वर उचललंय!”

“हां... पाहुण्यानं लय वेळ धरली.”

“मग जगली का?”

“खाली गेली, पोरी. पुढचं कुणी बघितलंय?”

“कुणीच बघत न्हाई?”

“माशांचं शिकलेले बघतात. पण लय थोडे हायेत.”

भक्ती तडक बाकड्याकडं वळली.

“आई, बाबा, परभणीची बस जाऊ द्या. मला नर्सिंग न्हाई करायचं. मी उदगीरच्या मत्स्य कॉलेजात माशांचं शिकणार, अन् सोडलेल्या माशाचं पुढं काय होतं ते मी बघणार.”