म्हशीसमोर गिऱ्हाइकाची धार

इंग्रजीच्या मास्तरानं कोल्हापुरात दूध प्यायला जाऊ नये, सांगून ठेवतो. आमच्या शामरावमामांनी दूध कट्ट्यावर नवा इंग्रजी बोर्ड लावलाय. गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. बोर्ड सांगतो, ‘इथं म्हशीसमोर गिऱ्हाइकाची धार काढली जाते.’

मी म्हटलं, “मामा, फुकट दुरुस्त करून देतो.”

“नगं सर! पुण्याचं पावणं त्येच्यासंगं फोटो काढत्यात, पोट धरून हसत्यात, आन दोन-दोन गलास पित्यात. तुमच्या क्लासचा बोर्ड बरोबर हाय न्हवं?”

“एकदम बरोबर.”

“मग पोरं किती हायत?”

मी गलास तोंडाला लावला. म्हैससुद्धा उत्तरासाठी माझ्याकडंच बघत होती.