चिमी अभ्यासिकेत नाही

"हॅलो?… हो, बोल ताई… अगं, हळू बोल, काहीच कळत नाहीये… चिमी? ती अभ्यासिकेत असेल ना, रोज तिथेच तर असते… काय?"

स्टाफरूममध्ये गणिताचे पेपर तपासत बसलेल्या, चिमीच्या मावशीच्या हातातलं लाल पेन थांबलं. ताई आज कामावरून लवकर सुटली होती. लेकीला सोबत घेऊनच घरी जावं म्हणून अभ्यासिकेत गेली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ही मुलगी कितीतरी दिवसांत इकडे फिरकलेली नाही. चिमीचा फोनही बंद लागत होता.

"कॉलेजला येते ना… सकाळच्या तासांना असते, माझ्यासमोरच बसते… त्यानंतर कुठे जाते ते… नाही गं, नाही विचारलं मी… ऐक ना, ऐक… मैत्रिणीकडे गेली असेल."

मैत्रिणी मघाशीच घोळक्याने फाटकाबाहेर पडताना तिने पाहिल्या होत्या. त्यांत चिमी नव्हती. ते ती बोलली नाही.

महिन्यापूर्वी तिनेच ताईशी वाद घातला होता. एवढी मोठी झाली पोर, अजून किती वाजता काय वाचायचं तेही तू ठरवतेस, असं म्हणत क्लास बंद करायला लावला होता, फ्रिजवरचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने काढलं होतं. आता तुझं तू ठरव, असं चिमीला सांगून टाकलं. चिमी हसली होती. मावशीला ते हसू आनंदाचं वाटलं होतं.

"हो, मीच म्हणाले होते… ताई, आत्ता नको गं ते… मी शोधते ना. फोन ठेवू नकोस, चालू राहू दे."

प्रयोगशाळेला कुलूप होतं. कँटीनमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवलेल्या. जिन्यापाशी शिपाईकाका भेटले. म्हणाले, ती मुलगी ना, तास सुटले की रोज वर जाताना दिसते. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वर तिसरा मजला, आणि त्याच्यावर गच्ची.

"हो, हो… आहे मी… जिना चढतेय, म्हणून दम लागलाय… वर्ग बघते एकेक… तू सांग, काल जेवली का नीट?… अर्धीच पोळी?… मग काय म्हणाली?… 'मला काही विचारू नकोस'… बरं."

गच्चीच्या दाराला एरवी कुलूप असायचं. आज नुसती कडी होती, तीही काढलेली. मावशीने फोन छातीशी दाबून धरला आणि दार ढकललं. पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळणारी फडकी, बाकी कुणी नाही. आता कठड्यापाशी जायला हवं होतं. पाय उचलेनात. तरी गेली, आणि खाली वाकून पाहिलं. खाली स्कूटरी उभ्या होत्या, माळी नळीने झाडांना पाणी घालत होता.

"…आहे गं, आहे. रेंज गेली होती… नाही, अजून नाही."

उतरताना जिन्याच्या वळणावर मोडके बाक टाकायच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं. आत चिमी फरशीवर बसली होती. सगळ्या विषयांची पुस्तकं तिच्याभोवती उघडी पडलेली, आणि हातात टोपणही न काढलेलं पेन.

"ताई… सापडली. हो, धडधाकट आहे, माझ्यासमोर आहे… रडू नकोस… थांब, ती काहीतरी सांगतेय."

चिमी खाली मान घालून सांगत होती. रोज इथे येते, सगळं मांडते, आणि सुरुवात कुठून करायची तेच ठरत नाही. मग घरी जायची वेळ होते. आता इतकं साचलंय, की पुस्तक उघडलं तरी छातीत धडधडतं. तू ठरव म्हणालीस मावशी, पण ठरवायचं कसं ते सांगितलं नाहीस, असं ती म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मावशीला जास्त लागलं. ती तिच्याशेजारी धुळीतच बसली.

"ऐकलंस?… नाही ताई, उद्यापासून क्लास नको… तुझा राग बरोबर आहे. तुझ्या हातातून मी तिला सोडवलं, आणि माझा हात काही दिला नाही… नाही, तिची नाही, माझी चूक… एक मिनिट धर… चिमे, आज काय करायचं ते राहू दे. आज काय नाही करायचं, तेवढं बघ. ते मिटून टाक."

चिमी पुस्तकांकडे बघत राहिली. हात एकावर ठेवला, मागे घेतला. कोणतं मिटावं ते मावशीला दिसत होतं. तिचं बोट पुढे जाऊ लागलं, तसा तिने हात मांडीखाली दाबून ठेवला.

"काही नाही गं… ठरवतेय ती… मला नको विचारूस… भीती वाटतेय? मलाही वाटतेय… जरा बोलू नकोस, ताई."

चिमीने एक पुस्तक मिटलं. बऱ्याच वेळाने दुसरं. तिसऱ्याशी अडली आणि मावशीच्या तोंडाकडे पाहू लागली. मावशीने नजर पुस्तकांकडे वळवली.

"ताई, ठेवते मी आता… हो, घेऊन येते तिला… नाही, लगेच नाही. आम्हाला वेळ लागेल."