मालक नसतानाचा एक दिवस

जबाब देणार: नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. वय तेवीस, शिक्षण नववी आणि पुढे थोडेफार, धंदा सध्या मामाच्या कारखान्याची गाडी चालवणे, त्याआधी बरेच. राहणार मामाकडेच, जिन्याखालची खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझ्या मामाचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. कागद कधी घ्यायचा, माल कोणाला उधार द्यायचा, हप्ता कुठून भरायचा, हे सगळे मामाच्या डोक्यात असते. नवीन मशीनच्या कर्जाला राहते घर तारण आहे. मागच्या आठवड्यात बँकेचे अधिकारी त्याला म्हणाले, "तुमच्या कंपनीतली सगळ्यात मोठी जोखीम तुम्हीच आहात. उद्या तुम्ही नसलात तर?" मामाने ते मनाला लावून घेतले.

आज सकाळी कारखान्याच्या दारात तो मला म्हणाला, "आज मी नाहीच असं समज. फोन बंद. बघू या कंपनी चालते का. कारखान्यात बोलू नकोस, फक्त मामीला सांग." पुलापलीकडच्या रोपवाटिकेत बसतो असेही म्हणाला. मी हो म्हटले.

घरी मामीकडे निघालो असता वाटेत एका इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. टाकी खिडकीच्या काचेपासून वीतभर अंतरावरून वर गेली. असे काम मी पाहिलेले नाही, आणि मी स्वतः दोन महिने क्रेनवाल्याकडे होतो. हे येथे लागू नाही असे जबाब घेणारे साहेब म्हणाले. मामीला सांगायचे राहून गेले.

दुपारी मामीने मामाला फोन लावला, तो बंद. कारखान्यात विचारले तर हिशेबनीस म्हणाले, "केबिनमध्येच आहेत, दार लोटलेलं आहे." दार ढकलले, आत कोणी नाही. मग मामाची गाडी पुलाच्या तोंडाशी सापडली, चावी आत. मामी पुलावर गेली. तिने कठड्यावरून खाली पाहिले. तिथून ती ठाण्यात आली व तक्रार दिली.

मला तिचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, "तुझा मामा..." मी पळत रोपवाटिकेत गेलो. मामा खताच्या पोत्यांवर आडवा पडून घोरत होता. मी आधी थोडा वेळ खाली बसलो, मग त्याला हलवले.

"चालली का कंपनी?" त्याने डोळे चोळत विचारले.

"कंपनी घाल चुलीत. मामी पोलिसांत बसलीये."

ठाण्यात हिशेबनीस हजर होते. ते मामाला म्हणाले, "साहेब, दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. माल वेळेवर गेला. आपलं ते मोठं गिऱ्हाईक चार महिन्यांच्या उधारीवर माल मागत होतं. तुम्ही भिडेपोटी दिला असता. मी म्हटलं, साहेब कामात आहेत, रोख द्या. तर दिले की हो! तुम्ही नाही हे कळल्यावर मात्र सगळं ठप्प."

मामा हसला. मामीने त्याच्याकडे पाहिले. मामा हसायचा थांबला.

मामाला कोणी पळवून नेलेले नाही. त्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे कधीही नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मामीची माझ्याविरुद्ध आहे, ती घरी ऐकून घेईन.

वरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, सांगितला तसाच आहे. तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर मामीच्या सहीखाली मामाची सही वाकडी दिसते, पण ती त्याचीच आहे. डाव्या हाताने केली आहे. उजवा मामीने धरला आहे व ती सोडत नाही.