सोवळ्याचा कोसा

तुम्हाला सांगते, मागच्या चातुर्मासात माझं व्रत होतं, मुंगीसुद्धा मारायची नाही. उद्यापनाला कोसा रेशमाची साडी घ्यायला सेक्टर सहाच्या बाजारात गेले. दुकानदाराने धागा जाळून दाखवला, तर केस जळल्यासारखा वास आला.

"असली है काकी, कीडे का ही."

"अन् किडा?"

"वो तो कोसे के साथ उबल गया."

मी सुती साडी घेऊन आले.

उद्यापनाला गुरुजी म्हणाले, "सुती काऊन नेसल्या, ताई? सोवळ्याले कोसाच पाहिजे."

तेवढ्यात पाटाखालून मुंग्यांची रांग निघाली. गुरुजी आपलं कोशाचं धोतर सावरत उठले. "सांभाळा, जीव मरंल! पाप लागते."

मी हात जोडले. "म्हणूनच सुती, गुरुजी. कोशासाठी किडे उकळतात."

गुरुजींनी धोतराकडे पाहिलं आणि संकल्प सुरू केला.