ओळ तीनशे चाळीस

(म्हैसूरच्या बोगादी भागातलं एक मराठी घर; बोलण्यात कानडी शब्द मिसळलेले. जेवणाच्या टेबलावर १९८६ सालचा काळा, चपटा होम कॉम्प्युटर. त्याच्यापाशी बँकेतून निवृत्त झालेले वेंकोजीराव आणि त्यांची मुलगी सहाना. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंचा मिक्सर चालू.)

वेंकोजीराव : कार्ड नको म्हणजे नको. फ्लॉपी ड्राइव्ह मागव.

सहाना : अप्पा, हे इंटरफेस मागच्या खाचेत बसतं. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड. तुमचा पत्रिका जुळवायचा प्रोग्राम दोन सेकंदांत लोड.

वेंकोजीराव : तेच वाईट. दोन सेकंदांत आलेल्या पत्रिकेवर कोण विश्वास ठेवणार? ते काय लिफ्टचं बटण आहे?

सहाना : रविवारी विजयनगरच्या मंडळात तुमचा सत्कार आहे. मंडळाचे तुकोजीरावकाका म्हणाले, ज्या मशीनने चाळीस लग्नं जुळवली ते चालू करून दाखवा. आज शुक्रवार. जुन्या ड्राइव्हचा रबरी पट्टा विरघळलेला असतो, तो कुठून आणू?

वेंकोजीराव : शोधू की सावकाश. रविवार काय, दर आठवड्याला येतो.

सहाना : मत्ते, मग घरात एक तरी फ्लॉपी आहे?

वेंकोजीराव : ड्राइव्ह आली की फ्लॉप्या येतील.

सहाना : प्रोग्राम कॅसेटवर आहे, अप्पा. फ्लॉपीवर कधी नव्हताच.

वेंकोजीराव : कॅसेटला बुरशी लागलीय. ती गेली आता. वाईट झालं.

सहाना : बुरशी मी परवा पुसली.

वेंकोजीराव : कशाने?

सहाना : स्पिरिटने. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, सगळा आवाज उतरवला, त्याची फाइल केली. प्रोग्राम पूर्ण वाचला. ओळ तीनशे चाळीस पण.

वेंकोजीराव : हळू बोल. मिक्सर बंद झालाय.

सहाना : ‘मुलाचं नाव वेंकोजी असेल, तर गुण सत्तावीस.’ मुलगी कोण पण चालेल?

वेंकोजीराव : मुलीचं नाव घालायला मेमरी उरली नव्हती.

सहाना : आणि बाकीची लग्नं?

वेंकोजीराव : ती अगदी शुद्ध. त्यांत माझा काय इंटरेस्ट?

सहाना : आईला माहीत नाही?

वेंकोजीराव : अडतीस वर्षं झाली. भांडण झालं की तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं : छत्तीसात सत्तावीस जुळलेत म्हणून राहिलेय. आता तुझ्या कार्डामुळे प्रोग्राम धडाधड चालणार. मंडळातला एखादा रिकामा इंजिनियर ‘लिस्ट’ मारून प्रोग्रामच्या ओळी बघणार. दोनशे लोकांसमोर पडद्यावर तीनशे चाळीस. मग ती कशाला राहील?

सुमित्राबाई : कुठे राहायचं म्हणता? घ्या कॉफी.

वेंकोजीराव : काही नाही गं. सुम्ने, उगाच इंटरफेसचं चाललं होतं.

सुमित्राबाई : इंटरफेसचं बोलताना तुमचे कान लाल होत नाहीत. सहाना, तू सांग.

सहाना : अप्पांनी प्रोग्राममध्ये चीटिंग केलं, आई. तुमचे सत्तावीस आधीच लिहून ठेवले होते.

सुमित्राबाई : हौदा? खरंच?

वेंकोजीराव : गुण तेवढे खोटे. वर्षभर आधी तुझ्या बहिणीला, ताराला बघायला आलो, तेव्हा कॉफी तू आणली होतीस. ताराचे आणि माझे पंचांगात नऊच जुळले, सुटलो म्हणून मी चामुंडीला नारळ फोडला. मग तुझ्या वेळी धोका पत्करायचा कशाला?

सहाना : आई, रागावलीस?

सुमित्राबाई : मला जरा बसू दे. अहो, त्या दिवशी तुम्ही माझी जन्मतारीख विचारलीत.

वेंकोजीराव : विचारली. रीत म्हणून.

सुमित्राबाई : मी काय सांगितली?

वेंकोजीराव : ऐकली नाही. उत्तर ठरलेलं होतं ना.

सुमित्राबाई : ताराची सांगितली. तारीख, वेळ, सगळं ताराचं.

सहाना : तारामावशीची? का पण?

सुमित्राबाई : नऊ येतील आणि हे उठून जातील म्हणून. मुलगी बघायला आलेला माणूस आमच्या टीव्हीमागे वाकून वायरी खोचत होता. मला दिसली ती फक्त पँट. प्रोग्राम लोड होताना कॅसेट सहा मिनिटं किंचाळली, माझे वडील कान झाकून बसले, आणि आले सत्तावीस. मला वाटलं, मशीनला पंचांगापेक्षा जास्त कळतं. गुपचूप बोहल्यावर चढले.

वेंकोजीराव : म्हणजे तू मला नापास करायला निघाली होतीस?

सुमित्राबाई : कॉपी करून पास झालेल्याने बोलू नये.

सहाना : थांबा, थांबा. मग तुमचे खरे किती? तीनशे चाळीस काढते, आईची खरी तारीख घालते. कार्डावरून दोन सेकंद. कार्ड आत्ता बॅगेत आहे माझ्या. लावू?

वेंकोजीराव : कॉफीत साखर कमी आहे.

सुमित्राबाई : रोजचीच आहे.

सहाना : मी काय विचारलं?

सुमित्राबाई : कार्ड नको.

वेंकोजीराव : कॅसेटही नको.

सहाना : मग रविवारी तुकोजीरावकाकांना काय दाखवायचं?

सुमित्राबाई : सांग त्यांना, ड्राइव्ह वाटेत आहे. हे म्हणतात ती फ्लॉपीचीच मागव.

सहाना : आई, घरात फ्लॉपी नाही. एक पण नाही.

सुमित्राबाई : माहीत आहे. मागव तू.