मागल्या दाराची वाट

नाव सहाना राघवेंद्र हंचाटे, वय पंचवीस, काम घरी बसून साड्यांना फॉल-पिको करणे, शिक्षण कन्नड शाळेत सहावीपर्यंत, राहणार बन्नूर, बस स्टँडच्या मागे. समक्ष म्हैसूरच्या ठाण्यात येऊन सांगते ती हकीकत अशी.

मी रात्रभर झोपले नाही. माझी मुलगी पावनी, वय सहा, आणि माझे सासरे तिरुमलराव, वय चौऱ्याहत्तर, काल म्हैसूरला आले ते घरी परतलेच नाहीत. मला कन्नड येतं, पण कालपासून तोंडातून घरची मराठीच निघते. इथले हवालदार चिदंबरराव यांच्याही घरी मराठी आहे, म्हणून मी बोलते तसं ते लिहून घेत आहेत. बाळ मांडीवर आहे. अंगावर पितं, म्हणून बरोबर आणलं. रडलं तर मध्ये थांबावं लागेल.

आम्ही पिढीजात रंगारी. सासऱ्यांचं घर इथं देवराज मोहल्ल्यात होतं, मागल्या अंगणात रंगाची कुंडं होती. धंदा बसला. पावनी तान्ही असताना घर विकलं आणि आम्ही बन्नूरला गेलो. सासरे कविता करतात, मराठीत. म्हैसूरला मराठी लिहिणाऱ्यांचं संमेलन होतं, त्याचं त्यांना बोलावणं आलं. तेव्हापासून रोज कोट उन्हात घालायचे, विसरायचे, आणि कोट कुठं गेला म्हणून घरभर शोधायचे.

सासरे विसरतात. वर्ष झालं असेल. बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, अप्पांचं चार लोकांत हसं नको. कविता त्यांना येतात, पण मध्येच ओळ अडते. पावनीला सगळ्या पाठ आहेत, ती त्यांच्याजवळच झोपते. ती त्यांना ताता म्हणते. "ताता, ती ओळ झाली, किती वेळा तेच तेच," असं दटावते आणि पुढली सांगते. म्हणून तिला बरोबर न्यायचं ठरलं.

माझा मोठा भाऊ हर्ष इथंच म्हैसूरात, मेटगळ्ळीला कारखान्यात आहे. त्याला मी फोनवर सांगितलं तर म्हणाला, "कवी म्हणे. चहा पिऊन झाल्यावर विचारतो, चहा झाला का. त्याच्या हाती पोर देणार तू?" मी म्हटलं, अण्णा, मी आहे ना बरोबर.

पण काल सकाळी बाळाला ताप आला. सासरे कोट घालून दारात उभे, पावनी नवा परकर नेसलेली. "आई, मी नेते ताताला," म्हणाली. मी दोघांना बसमध्ये बसवलं, कंडक्टरला सांगितलं, माझा फोन सासऱ्यांच्या खिशात घातला. इथल्या स्टँडवर संमेलनाची मुलगी सुप्रीता न्यायला आली. पोचल्याचं तिनं शेजारणीच्या फोनवर कळवलं. संध्याकाळी तीच परतीच्या बसमध्ये बसवून देणार होती.

ती बस आली, त्यात दोघं नव्हते. माझा फोन आधी नुसता वाजत राहिला, मग बंद. उलटसुलट कुठून आले तर म्हणून नवरा बन्नूरच्या स्टँडवर थांबला आणि मी म्हैसूरला आले.

सुप्रीता इथं बाकावर बसली आहे. तिनं सांगितलं ते असं. सासऱ्यांनी कविता म्हटली, दोनदा अडले, दोन्ही वेळा पावनीनं पहिल्या रांगेतून मोठ्यानं ओळ सांगितली. लोकांनी टाळ्या दिल्या, पावनीलाही शाल घातली, ती तिच्या पायांत येत होती. जेवण झाल्यावर सासरे उठले, घरी जातो म्हणाले.

सुप्रीता म्हणाली, "बसला वेळ आहे सर, मी सोडते."

"बस कशाला, पोरी? घर इथंच तर आहे, देवराज मोहल्ल्यात. जेवण जिरायच्या आत पोचतो."

तिनं पावनीला विचारलं, "काय गं, ताताला वाट ठाऊक आहे ना?"

पावनी म्हणाली, "त्याला नसली तर मला पाठ आहे."

सगळे हसले. दोघं हात धरून निघाले. सुप्रीतावर माझी तक्रार नाही. ते विसरतात हे तिला आम्ही सांगितलंच नव्हतं.

रात्री चिदंबरराव जुन्या घरापाशी जाऊन आले. पुढलं घर पाडून तिथं आता एका सोनाराचं गोडाऊन आहे. शटरला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, इकडे कोणी आलं नाही. मग मार्केट, बस स्टँड, दवाखाने बघितले.

आत्ता चिदंबररावांनी विचारलं, पोरीला वाट पाठ आहे म्हणजे काय, ती त्या घरी कधी गेली होती का. तान्ही असताना सोडलं, त्यानंतर कधीच नाही. तिला कविता पाठ आहे. कुठली, म्हणून दाखवा, म्हणाले. मी म्हटली.

पेठेतून वळावं, चिंचेखालून जावं,
पुढलं दार पाहुण्यांचं, आपण मागनं यावं,
निळे पाय विहिरीवर धुवावे,
मग आईला हाक द्यावी.

ही आमची रंगाऱ्यांची रीत. रंगाचे पाय घेऊन पुढल्या दारानं घरात यायचं नाही. मागल्या गल्लीतून अंगणात यायचं, विहिरीवर पाय धुवायचे, मगच वर. सासरे कधी पुढनं आलेच नाहीत. आणि पावनी कवितेत असेल तसंच करणार, एक ओळ सोडणार नाही.

मागली गल्ली रात्री कोणी बघितली नाही. मलाही सुचलं नाही. विहीर बुजवायची असं घर विकताना ठरलं होतं. ती बुजवली की वर नुसता पत्रा टाकला, मला माहीत नाही. नवरा परत तिकडे गेलेला नाही, अप्पांसमोर त्या घराचं नावही काढत नाही. घर पाडलं तेव्हा ठेकेदाराकडे माझा भाऊ कामाला होता. त्याला माहीत आहे. तो रात्रपाळीला आहे, फोन गेटवर ठेवून घेतात. पाळी सुटली की हातात मिळतो.

चिदंबरराव जीप काढायला सांगत आहेत. बाळाला सुप्रीताकडे देऊन मी पण जाते. हे उभ्याउभ्याच वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच आहे, कमीजास्त काही नाही. सही कन्नडमध्ये केली आहे.

मागे टेबलावर जो कोणी हे वाचेल त्यानं माझ्या भावाला फोन करा. नंबर सहीखाली आहे, मला तेवढाच एक पाठ आहे. उचलेपर्यंत करत राहा. पोर पाठवली म्हणून आधी तो ओरडेल, ओरडू द्या. मग विचारा, अण्णा, ती विहीर बुजवली होती ना.